एकी कशासाठी?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्याकडे पूर्वी दोन ठिकाणी बसायला जागा मिळत नसे. एक शिंप्याकडे आणि दुसरी न्हाव्याच्या दुकानात. तयार कपड्यांनी शिंप्याकडची गर्दी पांगवली. पण डोक्यावरचे केस अजून कोणी तयार कापून विकत देत नाही, त्यामुळे न्हाव्याच्या दुकानातली गर्दी आहे तशीच आहे. पहिल्या आंघोळीच्या आधी डोके हलके झालेच पाहिजे, असे मुलांच्या आयांना वाटते आणि मुलांना वाटत नाही. त्या ओढाताणीत आमच्या गावातली केशकर्तनालये रात्री अकरापर्यंत उघडी असतात.

गेल्या दिवाळीत अशाच एका संध्याकाळी मी बाकावर बसून माझी पाळी येण्याची वाट पाहत होतो. दुकानाचा मालक गावातल्या नाभिक मंडळाचा अध्यक्ष. त्याने एका पोराच्या मानेवरून मशीन फिरवता फिरवता आरशातूनच मला सांगितले, "गुरुजी, पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाला पन्नास वर्षं होतायत. पाहुणे म्हणून तुम्ही यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हटले नाही. मास्तराला बोलण्याची सवय असते आणि कादंबरीकाराला खोटे बोलण्याची. मी दोन्ही असल्यामुळे आमच्या भागातल्या समारंभांना अधूनमधून उपयोगी पडतो. तसा मी शिकलेला जेमतेम मॅट्रिकपर्यंत. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत मुलांना आंबा, कलश आणि निसर्गदृश्य काढायला शिकवू लागलो. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला विचारवंत समजतात. हा गैरसमज मी कधी फारसा दूर केला नाही. त्या समारंभाने तो माझ्यापुरता तरी दूर केला, म्हणून ही हकीकत सांगतो आहे.

समारंभ छान झाला. कृष्णेच्या घाटाजवळच्या मंगल कार्यालयात मांडव, दाराशी रांगोळी, हातावर अत्तराचा बोट. स्टेजवर तीन तसबिरी होत्या. मधोमध संत सेना महाराज. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला मंडळ दरसाल करते. उजव्या हाताला जिवा महाला, ज्याने १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवर आलेला सय्यद बंडाचा वार चुकवला आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठीला दिली. डाव्या हाताला माथेरानचे भाई कोतवाल. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत होऊन विजेच्या तारा तोडणारे, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झालेले.

मग चिटणिसांनी पन्नास वर्षांचा अहवाल वाचला. आधी दुकानादुकानांत दरावरून चढाओढ होती, ती मोडून सगळ्यांचे एकच दरपत्रक झाले. सोमवारची सुट्टी ठरली आणि ती चोरून दुकान उघडणाऱ्याला दंडही ठरला. सामुदायिक विवाह झाले. दहावीच्या मुलांना वह्या दिल्या. २०२० साली टाळेबंदीत मार्चपासून जूनअखेरपर्यंत दुकाने बंद राहिली, तेव्हा मंडळाने घरोघर तांदूळ, डाळ, तेल पोचवले. दुकाने उघडल्यावरही सुरुवातीला नुसते केस कापायची परवानगी होती, दाढीची नव्हती. चिटणीस म्हणाले, "अर्धा धंदा तर दाढीवरच चालतो," आणि सभागृह हसले. त्या दिवसांत त्यांतले कोणी हसले नसेल.

ऐकता ऐकता माझ्या मनात आले, की हा अहवाल मी पूर्वी ऐकला आहे. आमच्या शिक्षक संघटनेचा अहवाल असाच असतो. डॉक्टरांचा, वकिलांचा, किराणा व्यापाऱ्यांचाही असाच असेल. आम्ही मागितले, आम्ही झगडलो, आम्हाला मिळाले. यात काही वाईट नाही. ज्याला एकट्याने मागून मिळत नाही त्याने चौघांत मिळून मागावे, यासाठीच संघटना निघतात. पण पन्नास वर्षे माणसे एकत्र राहिली ती एवढ्यासाठीच का? शाळेत आम्ही मुलांना मोळीची गोष्ट सांगतो. एक काडी मोडते, मोळी मोडत नाही. म्हणून एकी करा. मोळी बांधून झाल्यावर तिचे काय करायचे, हे त्या गोष्टीत नसते. मोळीने कोणाची चूल पेटवता येते आणि मोळीतलीच काठी काढून कोणाची पाठही फोडता येते. गोष्ट नेमकी जिथे सुरू व्हायला हवी, तिथे आपण ती संपवतो.

माझ्या भाषणासाठी मी एक प्रसंग शोधून ठेवला होता. तो मुंबईतला, १८९० सालचा.

त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत, विशेषतः ब्राह्मणांत, बाई विधवा झाली की तिचे केशवपन करीत. मग ती सोळा वर्षांची असो की साठ. अंगावर तांबडे आलवण, कपाळ मोकळे, डोके भादरलेले. आणि केस वाढतील तसतसे पुन्हा पुन्हा भादरायचे. या चालीविरुद्ध आगरकर 'सुधारका'तून लिहीत होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः देऊ लागले. त्या कादंबरीतल्या यमूवर अखेर कोणता प्रसंग आला, हे ज्यांनी वाचले आहे ते विसरलेले नाहीत.

पण लेखक आणि सुधारक काही म्हणोत, केस कापणारा हात न्हाव्याचा होता. त्याला कोणी विचारले नव्हते. तो बारा बलुतेदारांतला एक. गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वाटा देणारा सांगेल ते काम, सांगेल त्या घरी. अशा माणसाला मत असते, हेच कोणाच्या ध्यानात नसते. मुंबईत बलुते नव्हते, रोख पैसा होता; आणि तिथे नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे, 'दीनबंधू'चे संपादक. गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली त्यांनी उभी केली आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी त्यांनीच मिळवून दिली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी शेकड्यांनी सभेला जमले आणि त्यांनी ठरवले, की यापुढे विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही.

हे मी मंडळाला सांगितले. म्हटले, तुमच्या धंद्यातल्या माणसांनी एकीचा उपयोग दर वाढवण्यासाठी केला, सुट्टी मिळवण्यासाठी केला. पण एकदा त्यांनी तो मिळणारे पैसे नाकारण्यासाठी केला. त्या सभेला जमलेल्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून त्यांची तसबीर स्टेजवर नाही. पण चौथी तसबीर त्यांचीच असायला हवी होती. टाळ्या पडल्या. मला शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेली छोटी कात्री मिळाली. मी मोठ्या समाधानाने घरी आलो.

मंडळाच्या संस्थापकांपैकी एकच गृहस्थ आता हयात आहेत. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. ऐंशीच्या घरातले; दुकान नातू चालवतो, हे दारात खुर्ची टाकून बसतात. चार दिवसांनी मी त्यांच्यासमोरून चाललो होतो, तर त्यांनी हाक मारून जवळ बसवून घेतले.

"भाषण झ्याक झालं गुरुजी. पण ते मुंबईचं झालं."

"म्हणजे?"

"म्हंजी मुंबईत ठराव झाला. हितं न्हाई झाला. माझा आजा तुमच्याच घरी जात व्हता की."

मी काही बोललो नाही. मला माहीत होते आणि नव्हतेही. आमचे घर भिक्षुकाचे. माझ्या वडिलांच्या आजीला घरात मोठी आई म्हणत. तिचा एकच फोटो आमच्याकडे आहे. आलवणाचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला, आणि बघणाऱ्याकडे न पाहता कुठे तरी खाली पाहणारे डोळे. एकविसाव्या वर्षी, पदरात एक मूल असताना, ती विधवा झाली. मुंबईच्या त्या ठरावानंतर तीस एक वर्षांनी. त्या फोटोकडे पाहून मी तिच्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. त्यात सासरा आहे, दीर आहे, शेजारणी आहेत. न्हावी एका वाक्यापुरता आहे; 'परसदारी न्हावी येऊन बसला होता.' त्याला मी चेहरा दिलेला नाही. तो तात्यांचा आजा होता.

तात्या सांगू लागले. आजा महिन्याकाठी धोकटी घेऊन परसदाराने जायचा. विहिरीजवळ एक दगड होता, त्यावर ती येऊन बसायची. कोणी कोणाशी बोलायचे नाही. आजा तिथून आला, की आंघोळ करायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही. आजीने एकदा कारण विचारले, तर म्हणाला, पोटात दुखते.

"एकदाच ती माउली बोलली म्हणं. थंडीचं दिवस व्हतं. विहिरीचं पाणी डोक्यावर पडलं तशी म्हणाली, 'पाणी जरा कोमट घेत जा रे.' पर आज्यानं पाणी आणायचं कुठनं? त्याच्या घरचं तिला चालायचं न्हाई. तुमच्या घरचं तापवलेलं त्याला कोण देणार? मग आज्यानं धीर केला. पुढच्या बारीला तुमच्या थोरल्या मालकांस्नी म्हणाला, थंडीत वस्तरा बसत न्हाई, कातडं आखडतं, ऊन पाणी पाहिजे. खोटंच बोलला. पर तवापासनं ऊन पाणी मिळाया लागलं."

तात्या थांबले. मग म्हणाले, "आज्याला तेवढंच जमलं."

मी पुष्कळ गोष्टी लिहिल्या आहेत. एवढी चांगली लिहिलेली नाही. घरी आल्यावर तो फोटो काढून पाहिला. मोठ्या आईच्या डोक्याला वस्तरा लावल्याचा दोष कोणाचा? हात तात्यांच्या आजाचा होता, हे खरे. पण हाताला आज्ञा माझ्या खापरपणजोबांची होती, त्यांना आज्ञा रूढीची होती, आणि रूढीला आज्ञा करणारा कोणी सापडत नाही. अशा वेळी दोष वाटत वाटत इतका पातळ होतो, की कोणाच्याच अंगाला लागत नाही. त्या साखळीत त्याचे टोचणे अंगाला लागलेला माणूस मला एकच दिसतो. तो त्या दिवशी जेवत नसे.

मग त्याने नाही का म्हटले नाही? म्हटले असते, तर सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य मिळाले नसते. दुसऱ्या गावचा न्हावी आला असता आणि मोठ्या आईचे केस गेलेच असते. एकट्या माणसाचा नकार पुष्कळदा असा असतो; त्याची किंमत त्याला पुरी पडते आणि ज्याच्यासाठी दिली त्याला काही मिळत नाही. तरीही नकार द्यावा असे म्हणणारे थोर लोक आहेत, आणि ते खरेही असतील. मी त्यांच्यातला नाही, म्हणून मी आजाला बोल लावू शकत नाही. मला एवढेच समजले, की एकट्याला फार तर पाणी कोमट करता येते. वस्तरा खाली ठेवायला चार माणसे लागतात.

इथे हा लेख संपवता आला असता. एकीचे माहात्म्य सिद्ध झाले, मुंबईचे नाभिक थोर ठरले, दिवाळीचा फराळ गोड लागला असता. पण तात्यांनी तसे होऊ दिले नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्यापाशी बसलो आणि माझा हा विचार त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले,

"एकी तर आमची तवाबी व्हती की, गुरुजी. बौद्धवाड्यातल्या माणसाला खुर्चीवर घ्यायचं न्हाई, ह्यात समद्यांची एकी व्हती."

मंडळ स्थापन होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. म्हणजे अस्पृश्यता पाळून सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरल्याला वीस वर्षे उलटून गेली होती. कायदा गावात पोचला होता. दुकानात पोचला नव्हता. त्या वस्तीतल्या लोकांचे केस त्यांच्यातलाच कोणी तरी झाडाखाली बसून कापायचा. मुंबईला गिरणीत कामाला असलेला तिथला एक तरुण सुट्टीत गावी आला आणि सरळ तात्यांच्या दुकानात येऊन खुर्चीवर बसला. मुंबईत तो रोज असाच बसत होता. तात्यांनी त्याचे केस कापले नाहीत. तो बसून राहिला. बाकावरची माणसे एकेक करून उठून गेली. शेवटी तात्यांनी दिवा मालवला, तेव्हा तो उठला आणि जाताना म्हणाला, "तात्या, तुमचीबी काय चूक न्हाई म्हना." तात्या मला म्हणाले, शिवी दिली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री मंडळाची बैठक झाली. तात्यांनी प्रश्न मांडला. सगळे म्हणाले, गाव आपल्यावर बहिष्कार टाकील, पोराबाळांच्या तोंडचा घास जाईल. मत घेतले. केस कापावेत म्हणणारे चार हात वर झाले. बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. पुढच्या दिवाळीत तात्यांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला, आणि या वेळी आजाची गोष्ट सांगितली. ऊन पाण्याची. आणि म्हणाले, "आजा एकटा व्हता म्हणून त्याला वस्तरा ठेवता आला न्हाई. आपण बावीस दुकानं हाय. एकानं कापलं तर त्याचं दुकान बसंल. बावीस जणांनी कापलं, तर गाव हजामतीला जाणार कुठं?"

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी गावातल्या बावीस दुकानांनी खुर्च्या सगळ्यांसाठी मोकळ्या केल्या. आठ दिवस गावातले बरेच लोक दाढी वाढवून हिंडत होते. नवव्या दिवशी खाजवू लागल्यावर एकेक येऊन बसला. हे सांगताना तात्या हसले. मग मी विचारले, अहवालात हे का नाही? ते म्हणाले, "कशाला? आधी किती वर्सं न्हाई कापलं, तेबी लिवायला लागंल."

या बोलण्याने माझ्या सगळ्या विचाराची उलटापालट केली. वस्तरा तोच, नकार तोच, एकीही तीच. आणि तरी १८९० सालचा तो नकार आणि बौद्धवाड्याला दिलेला हा नकार यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. ते अंतर कशाने मोजायचे? दोन्ही वेळी माणसे म्हणत होती, आम्ही आमच्या धर्माला जागतो. दोन्ही वेळी सभा झाली, हात वर झाले. बहुमताने पाहावे तर चुकीच्या नकाराच्या पाठीशी ते जास्त होते. कायद्याने पाहावे तर १८९० साली केशवपन हा काही गुन्हा नव्हता. मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाला पेलेल असे एकच माप सापडले: नकाराची किंमत कोण मोजतो?

मुंबईच्या त्या न्हाव्यांनी नाही म्हटले, तेव्हा पैसे त्यांचे स्वतःचे बुडणार होते, आणि ज्यांच्यासाठी नाही म्हटले त्या बायका त्यांच्या जातीच्या नव्हत्या, नात्याच्या नव्हत्या, त्यांना कधी धन्यवाद देऊ शकणार नव्हत्या. तात्यांच्या दुकानात नाही म्हटले गेले, तेव्हा गिऱ्हाइके राखली गेली ती दुकानाची आणि मान खाली घालून गेला तो दुसरा. ज्या एकीचा खर्च एकी करणारे स्वतःच्या खिशातून करतात आणि जिचा लाभ आपल्याहून दुबळ्याला होतो, ती एकी पुण्याची. जिचा लाभ आपल्याला आणि खर्च दुबळ्याच्या माथी, ती एकी पापाची, मग तिचे दरसाल कितीही हारतुरे होवोत. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ मोठी जागा आहे. तिथे दरपत्रक, सुट्टी, पगार, विमा या मागण्या बसतात. त्या न्याय्य आहेत, त्यांत लाजण्यासारखे काही नाही, पण मिरवण्यासारखेही फारसे नाही. भुकेलेल्याने ताट मागावे. ताट मागितले म्हणून त्याची आरती करू नये, एवढेच.

माप सापडले की ते आधी स्वतःला लावून पाहावे लागते. मला ते टाळता आले असते, तर बरे वाटले असते.

मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत. मीही गेलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना ते निवृत्तिवेतन नाही, आणि मी त्यांच्यातला आहे. मागणी माझ्या म्हातारपणाची होती. ती मला आजही योग्य वाटते. पण आमच्या शाळेत काही तुकड्या विनाअनुदानित आहेत. त्यांवर शिकवणारी तरुण मुले-मुली आमच्याइतकेच तास घेतात, आमच्याहून जास्त शिकलेली आहेत, आणि महिन्याला जे मिळते ते सांगायची त्यांना लाज वाटते. संपात आम्ही त्यांनाही घरी बसायला लावले. एकी दिसली पाहिजे, म्हणून. महिनाअखेर त्यांचे त्या दिवसांचे पैसे कापले गेले. त्यांतली एक मुलगी विज्ञान शिकवते. आमच्या तालुका संघटनेच्या पुढच्या सभेत तिने उभे राहून विचारले, "आमचा प्रश्न तुमच्या मागण्यांच्या यादीत शेवटी तरी घालाल का?"

व्यासपीठावरून उत्तर आले, की तो प्रश्न वेगळा आहे. त्यावर स्वतंत्रपणे विचार करू. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. मला माहीत होते, की 'स्वतंत्रपणे' म्हणजे 'कधीच नाही'. मी काही बोललो नाही. सभेनंतर चहा घेताना मात्र मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बाई, तुम्ही बरोबर बोललात." तात्यांच्या आजाने निदान पाणी तरी कोमट करून घेतले होते. मी चहाचा कप हातात घेऊन सहानुभूती दाखवली. आणि मला तर कोणी परसदाराने बोलावले नव्हते, माझे बलुतेही जाणार नव्हते.

एकट्याला बळ नसते म्हणून संघटना, हे मी वर लिहिले. पण संघटनेत बसूनही माणूस एकटाच राहू शकतो, हे मला त्या सभेने शिकवले. हात वर करायची वेळ येते तेव्हा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हाताकडे पाहत असतो. सगळे पाहत राहतात आणि कोणाचाच हात वर होत नाही. मग ठराव 'सर्वानुमते' होतो. चार हात आधी वर व्हावे लागतात. त्या चार हातांचा त्या दिवशी काही उपयोग होत नाही. तरी ते वर गेल्याशिवाय पुढच्या दिवाळीचे बावीस हात येत नाहीत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात कोणाचा नवरा वारला तर तिचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे सांगितले. आमच्या घरात ही बातमी वाचली गेली, तेव्हा माझी आई म्हणाली, "इतकी वर्षं काय करत होते?" प्रश्न रास्त आहे. वस्तरा खाली ठेवण्याचा ठराव १८९० चा आणि बांगडी न फोडण्याचा ठराव २०२२ चा. मध्ये एकशे बत्तीस वर्षे गेली. मुंबईच्या ठरावाने चाल थांबली नाही, हे मोठ्या आईच्या फोटोत दिसतेच. ती संपली ती हळूहळू. शाळांनी, आश्रमांनी, पुस्तकांनी, शिकलेल्या मुलींनी, आणि वस्तरा उचलायला न येणाऱ्या हातांनी मिळून. ठरावाचे काम बहुधा एवढेच असते. पुढच्याला तो सांगतो, की तुझ्या आधी कोणी तरी नाही म्हटले होते.

या वर्षी आमच्या तालुका संघटनेची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिका संपून अध्यक्ष आभाराकडे वळत होते, तेव्हा मी उभा राहिलो. वर्गात मी इतकी वर्षे बोलतो, व्यासपीठांवर बोलतो. पण त्या दिवशी माझे गुडघे कापत होते. विनाअनुदानित तुकड्यांवरच्या शिक्षकांचा प्रश्न आपल्या मागण्यांत पहिला घालावा, आणि त्यासाठी प्रत्येक कायम शिक्षकाने वर्षातून एका दिवसाचा पगार त्यांच्या निधीला द्यावा, अशी सूचना मी मांडली. पहिला भाग लोकांनी ऐकून घेतला. दुसऱ्या भागाला खुर्च्या वाजू लागल्या. मत झाले, सूचना पडली. माझ्या जुन्या मित्रांपैकी एकजण बाहेर पडताना म्हणाला, "तू कादंबऱ्या लिही बाबा."

परवा दिवाळीची हजामत करायला गेलो. तात्या दारातच होते. त्यांना सगळे कळले होते. न्हाव्याच्या दुकानात बातमी पोचत नाही असे होत नाही.

"किती हात वर झाले?" त्यांनी विचारले.

"अकरा."

तात्यांनी थोडा वेळ हिशेब केल्यासारखे केले. मग नातवाला हाक मारून म्हणाले, "अरे, गुरुजींस्नी आधी घे. आणि पाणी ऊन घे रे."